डबीतला कापूस

डबीत तीस गोळ्या असतात, महिन्याभराच्या. पिशवीत टाकून चाललं की खुळखुळ वाजतात. म्हणून नांदेडहून गोळ्या घेऊन येणारा माणूस डबीचं झाकण उघडतो आणि वर कापूस कोंबतो. काही जण डबीच फेकून देतात आणि गोळ्या कॅरीबॅगच्या तुकड्यात बांधून बनियनच्या खिशात ठेवतात. डबीवर औषधाचं नाव छापलेलं असतं, आणि हल्ली प्रत्येक घरात नाव वाचून मोबाईलवर शोधणारं एखादं पोरगं असतंच.

कापसाची ही युक्ती मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितली, आमच्या उमरी गावच्या स्टेशनच्या बाकड्यावर बसून. आता तो पस्तिशीत आहे. गाडी लेट होती, आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून बोलला. घरी सांगून आला होता की मोंढ्यात काम आहे. गेली सहा वर्षं त्याचं मोंढ्यातच काम असतं.

मी विचारलं, "बायकोला माहीत आहे?"

तो रुळांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तिला सांगितलं तर ती मायला सांगंल. माय भावाला सांगंल. मग मह्या ताटाला कोण हात लावंल?"

"आणि घरात... काळजी घेतोस ना?"

"कधी घेतो. रोज कसं घेऊ? तिनं इचारलं कामून, तर काय सांगू?"

त्याची गाडी आली, तो गेला. मी मात्र त्या प्रश्नाशी बसून राहिलो. हा मुलगा वाईट नाही. वर्गात असताना दुसऱ्याच्या डब्यातलं न विचारता कधी खाल्लं नाही त्यानं. बायकोवर त्याचा जीव आहे, हेही मला माहीत आहे. तरी तो तिला रोज धोक्यात घालतो आहे, आणि तसं करायला त्याला भाग पाडणारी गोष्ट आहे एक ताट. उद्या आपलं ताट वेगळं मांडलं जाईल, ही भीती.

मराठीत 'काळजी घे' हे एकच वाक्य दोन कामं करतं. आजाऱ्याच्या उशाशी बसणं म्हणजे काळजी घेणं. संबंधाच्या वेळी निरोध वापरणं, यालाही आपण आडून 'काळजी घेणं' म्हणतो. भाषेनं या दोन गोष्टी एकाच शब्दात बांधल्या आहेत आणि मला वाटतं, बरोबर बांधल्या आहेत. आपण मात्र त्या तोडल्या. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाकडून दुसरी काळजी आपण हक्कानं मागतो. त्यानं कुणाला लागण होऊ देऊ नये, संयम पाळावा, जबाबदारीनं वागावं. आणि पहिली काळजी, जी आपण त्याची घ्यायची, ती देताना मात्र घराचं दार लावून घेतो. ज्याची कुणी काळजी घेत नाही, त्यानं सगळ्या जगाची काळजी घ्यावी, हा आपला न्याय आहे. हा न्याय नीतीला धरून तर नाहीच, आणि त्यानं आजारही थांबत नाही.

आजार कसा थांबतो, हे आता चांगलं ठाऊक झालेलं आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं या आजाराची औषधं, ज्यांना आपण एआरटी म्हणतो, मोफत द्यायला सुरुवात केली. तेव्हा रक्तातल्या विशिष्ट पेशी ठरावीक पातळीखाली गेल्यावरच औषध सुरू व्हायचं. २०१७ पासून धोरण बदललं. तपासणीत लागण दिसली की लगेच गोळी. आज बहुतेकांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. ती नियमित घेतली की साधारण सहा महिन्यांत रक्तातले विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. आणि जोवर ते सापडत नाहीत, तोवर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. ९ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला. प्रत्येक जोडप्यात एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती. त्यात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत आलेली जोडपीही होती. २०११ साली निष्कर्ष आला की लवकर औषध सुरू केल्यानं जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. पुढे युरोपातल्या अभ्यासात ज्यांचे विषाणू दबलेले होते अशा जोडप्यांचे निरोधाविना झालेले सुमारे ५८ हजार संबंध मोजले गेले. त्यात जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण मिळालं नाही.

आता त्या कापसाकडे पुन्हा बघा. ज्या डबीचा आवाज येऊ नये म्हणून धडपड चालली आहे, त्याच डबीत बायकोचं संरक्षण आहे. पाहुणे आले म्हणून गोळी चुकली. सासुरवाडीला चार दिवस राहायचं होतं म्हणून डबी नेलीच नाही. खोलीत कुणीतरी होतं म्हणून नंतर घेऊ म्हटलं आणि विसरलं. अशा चुकलेल्या गोळ्यांनी विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, औषधाला दाद देईनासा होतो आणि पुन्हा दुसऱ्यापर्यंत पोचायला मोकळा होतो. सुईनं, रक्तानं, संबंधानं हा आजार पसरतो हे आपण मुलांना पाठ करून घेतो. तिरस्कारानंही पसरतो, हे कुठल्याच फळ्यावर लिहिलेलं मी पाहिलं नाही.

माझ्या स्वतःच्या फळ्यावरही नव्हतं. हे मला इथं सांगितलंच पाहिजे. १ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन आला की शाळेत प्रभातफेरी निघायची. पोरांच्या हातात फलक द्यायचे. त्यावर कवटी, खाली दोन हाडं आणि मृत्यू हा शब्द लाल रंगात. रंग मी आणून द्यायचो. एका वर्षी सहावीतला एक मुलगा फलक धरायला तयार होईना. मी रागावलो. त्यानं धरला, सगळ्या गावातून फिरवला, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. त्याचे वडील गेले होते त्या पावसाळ्यात, आणि कशानं गेले हे गावाला कुजबुजीतून माहीत होतं. मला माहीत नव्हतं, किंवा मी माहीत करून घेतलं नव्हतं. त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई दारातच उभी राहिली. "आत या" म्हणाली नाही. त्या पोराच्या हातात मी त्याच्या बापाची कवटी दिली होती.

भीती दाखवली की माणूस सावध होतो, असं आपण तेव्हा मानत होतो. ज्याला आजार नाही त्याच्या बाबतीत ते थोडंफार खरंही असेल. ज्याला तो आहे, त्याला मात्र भीतीनं फक्त लपायला शिकवलं. लपलेला माणूस तपासणीला येत नाही, गोळी वेळेवर घेत नाही, आणि जोडीदाराशी खरं बोलत नाही.

उलट उदाहरण शोधायला मला लांब जावं लागत नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या हासेगावला, रवी बापटले यांनी २००७ साली 'सेवालय' सुरू केलं. एचआयव्हीची लागण झालेली, आईबाप गेलेली, नातेवाइकांनी नाकारलेली मुलं तिथे राहायला आली. सुरुवातीला विरोध किती झाला असेल याची कल्पना करा. २००९ साली ही मुलं गावातल्या शाळेत बसू लागली तेव्हा गावकऱ्यांनी आपापली मुलं शाळेतून काढून घेतली होती, आणि ती बातमी देशभर गेली होती. आज हा प्रकल्प 'हॅपी इंडियन व्हिलेज' या नावानं ओळखला जातो. एचआयव्ही या अक्षरांचा अर्थच त्यांनी बदलून टाकला. बीड जिल्ह्यातल्या पाली इथं दत्ता आणि संध्या बारगजे यांनी 'इन्फंट इंडिया' उभं केलं, तेही अशाच मुलांसाठी.

हासेगावची मुलं मोठी झाली, तरुण झाली. मग पुढचा प्रश्न आला, ज्याकडे बघायला आपल्याला अवघड जातं. या मुलांनाही प्रेम हवं होतं, लग्न हवं होतं. तिथल्या मुलामुलींची लग्नं लागली. त्यातली मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की तिथे कुणी कुणाला फसवून बोहल्यावर चढलं नाही. लहानपणापासून ज्याला आपल्या आजाराचं नाव ठाऊक आहे, गोळीची वेळ ज्याच्या अंगवळणी पडली आहे, पंगतीत ज्याचं ताट सगळ्यांच्या बरोबर मांडलं गेलं आहे, त्याला आपल्या होणाऱ्या जोडीदारापासून काही लपवायची गरजच उरत नाही. माझा विद्यार्थी स्टेशनवर जे बोलू शकत नव्हता, ते अशा ठिकाणी वाढलेली पोरं लग्नाआधी बोलतात. स्वभावानं ती त्याच्यापेक्षा चांगली असतील असं मी म्हणणार नाही. त्यांना ताट गमवायची भीती नव्हती.

आपली उमरी तशी भित्र्यांची नाही. ३० जानेवारी १९४८ ला हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या लोकांनी इथली बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला, ती हकीकत आम्ही प्रत्येक पिढीला छाती फुगवून सांगत आलो. निजामाच्या राज्यात, रझाकारांच्या नाकावर टिच्चून. त्या गावातल्या एका माणसाला औषधाची डबी वाजेल म्हणून धडकी भरावी, याची लाज त्याला वाटायचं कारण नाही. ती आपल्याला वाटायला हवी.

बायकांचं दुखणं याहून खोल आहे. आपल्याकडच्या कितीतरी बायकांना ही लागण लग्नाच्या नवऱ्याकडून झाली. तपासणी होते गरोदरपणात, म्हणून घरात पहिलं नाव तिचं निघतं, आणि 'हिनंच आणलं' असं ठरतं. नवरा गेला की सासरचे तिला माहेरी पोचवतात, जमिनीच्या वाट्याचं नाव काढू देत नाहीत. अशा बाईला आपण सांगतो, निरोध वापरत जा. ती कुणाला सांगणार? नवऱ्याला म्हणाली, तर तो विचारतो, तुला हे कुठून माहीत झालं? माझ्यावर संशय घेतेस की तुझंच काही आहे? निरोधाचं पाकीट घरात ठेवायला तिच्याकडे स्वतःची अशी एक पेटीसुद्धा नसते. म्हणून दवाखान्यात दोघांना एकत्र बसवून समजावणं हाच खरा मार्ग आहे, आणि चांगले समुपदेशक तेच करतात. बाईला एकटीला उपदेश करून पाठवणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं चढवणं.

२०१७ साली आपल्याकडे एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, कुठेही या आजारावरून भेदभाव करता येणार नाही, संमतीशिवाय तपासणी करता येणार नाही आणि संमतीशिवाय कुणाचा अहवाल फोडता येणार नाही, हे त्यात आहे. त्याच कायद्यानं लागण झालेल्या माणसावरही कर्तव्य टाकलं आहे. दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून त्यानं वाजवी खबरदारी घ्यावी, गरज तिथे संबंधाआधी सांगावं. पण या कलमाला एक अपवाद जोडलेला आहे. सांगितल्यानं मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती ज्या स्त्रीला आहे, तिच्यावर हे बंधन नाही. हा अपवाद लिहिणाऱ्याला आपली घरं चांगली ठाऊक होती. घरात भीती असेल तर खरं बोलण्याची सक्ती करता येत नाही, हे कायद्याला कळलं. सासू-सासऱ्यांना, दिरांना, शेजाऱ्यांना अजून कळायचं आहे.

शरीरसंबंधाबद्दल घरात बोलायचंच नाही, हा आपला जुना दंडक. तो मोडायचा प्रयत्न याच भाषेत शंभर वर्षांपूर्वी झाला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, ते थेट १९५३ साली मरेपर्यंत. गुप्तरोगांपासून बचाव, निरोधक साधनं, स्त्रीची इच्छा, या सगळ्यावर साध्या मराठीत लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. आज कर्व्यांचं नाव आपण आदरानं घेतो, त्यांच्यावर नाटकं-सिनेमे बघतो. पण ज्या घरात मासिक पाळीचा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जातो, त्या घरातल्या मुलानं नवरा झाल्यावर बायकोशी निरोधाबद्दल बोलावं, ही अपेक्षा कशी करायची? त्याला ते शब्दच कुणी दिलेले नसतात. बहुतेक जण हे शब्द पहिल्यांदा समुपदेशकाच्या तोंडून ऐकतात, तेही लागण झाल्यावर.

इथपर्यंत मी समाजाला दोष दिला. आता, एचआयव्हीसह जगणाऱ्या माझ्या भावा, बहिणी, तुझ्याशी बोलतो. समाज वाईट वागला म्हणून जोडीदाराचा घात करायचा परवाना तुला मिळत नाही. तुझ्या ताटाची भीती खरी आहे, पण तिचं आयुष्यही खरं आहे. लगेच सगळ्या घराला सांगू नकोस. आधी एकाच माणसाला सांग, जो तुझा आहे. जोडीदाराला सांगायला जीभ रेटत नसेल तर समुपदेशकाला सांग, "माझ्या बायकोला तुमच्यासमोर बोलवा." हे त्यांचं कामच आहे. गोळी चुकवू नकोस. विषाणू दबले आहेत की नाहीत हे व्हायरल लोडच्या तपासणीवरूनच कळतं, अंगात ताकद वाटते यावरून नाही. ती तपासणी मोफत होते, ती मागून घे. तोवर आणि त्यानंतरही निरोध वापर, कारण बाकीचे गुप्तरोग या गोळीनं थांबत नाहीत. दोघांनाही लागण असेल तरी वापर. दारू प्यायलेल्या रात्री गोळीही चुकते आणि निरोधही, हे तुला मी सांगायला नको. मूल हवं असेल तर लपूनछपून प्रयत्न करू नका, डॉक्टरांना आधी विचारा. औषधाविना आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्क्यांपर्यंत असतो, नीट उपचार चालू असले तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. बाळ निरोगी होऊ शकतं. तुमचाही तो हक्क आहे.

आणि घरच्यांनी काय करायचं? फार थोर काही नाही. एका ताटात जेवल्यानं, एका माठातलं पाणी प्यायल्यानं, एका गोधडीत झोपल्यानं हा आजार होत नाही, हे आता सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ऐकलेलं वागण्यात आणायचं, एवढंच. रात्री "गोळी घेतलीस का?" असं कुणीतरी विचारायला हवं. मुखेड-कंधारकडून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यात जाणाऱ्या माणसाची डबी फडावर संपते आणि मुकादम उचल फिटल्याशिवाय सोडत नाही. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, आणि कारखान्याजवळच्या एआरटी केंद्रातूनही सोय होऊ शकते. पण निघण्याआधी केंद्रात जाऊन विचारायला कुणीतरी सोबत लागतं. संजय गांधी निराधार योजनेत या आजाराचे रुग्ण बसतात. तहसीलचे कागद करायला सोबत लागते. एसटीच्या प्रवासातही एचआयव्ही रुग्णांना सवलत आहे. तिचा फायदा घ्यायला मात्र भरल्या गाडीत कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं, आणि गाडीत अर्धं गाव बसलेलं असतं. म्हणून रोजंदारी करणारा माणूस पूर्ण तिकीट काढून जातो. ही सवलत कुणालाही न कळता वापरता यावी, अशी काही तजवीज एसटीनं केली पाहिजे. तोवर कुणी कार्ड दाखवलं तर आपण खिडकीबाहेर बघायला शिकू शकतो.

गेल्या हिवाळ्यात त्या विद्यार्थ्यासोबत मी नांदेडला गेलो. त्यानंच बोलावलं होतं. बायकोला सांगून झालं होतं. कसं सांगितलं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ती रडली, आठ दिवस बोलली नाही, मग स्वतः तपासणीला आली. तिला लागण नव्हती. आता ती दर सहा महिन्यांनी तपासणी करून घेते.

केंद्रात रांग होती. आमच्या पुढे अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा उभा होता, कॉलेजचा वाटत होता. त्याच्या हातात दुसऱ्याच कुणाचं तरी औषधांच्या नोंदीचं हिरवं पुस्तक होतं. खिडकीशी गेल्यावर म्हणाला, "मॅडम, दादा कारखान्यावर गेला. त्याच्या गोळ्या द्या. तीन महिन्यांच्या सांगितल्या होत्या तुम्ही."

मॅडमनी डब्या मोजून दिल्या. पोरगा जागचा हलला नाही. मागं आम्ही दहा-बारा जण उभे होतो, त्यात दोन बायका होत्या. त्यानं मान जरा खाली घातली, पण आवाज खाली केला नाही.

"निरोधची पाकिटं पण द्या. वहिनी गेली ना सोबत."